सात मिनिटांची तक्रार

बस सात मिनिटं उशिरा सुटली, तेव्हापासूनच तपासनीसांचा पारा चढायला लागला होता. बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्याची नोकरी केल्यामुळे घरचेही त्यांना पाठीमागे तपासनीसच म्हणत. परदेशातली सहल होती, एका शहरातून दुसऱ्या शहरात चार तासांचा प्रवास. सोबत बायको, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. तिकिटावर 'खिडकीची जागा' असं स्पष्ट छापलेलं, आणि तपासनीसांच्या जागी नेमका दोन खिडक्यांमधला खांब.

"मी काय चार तास या खांबाकडे बघत बसू?"

"डोळे मिटा," बायको म्हणाली. "खांब दिसणार नाही."

"जावईबापू, हा गार वारा तेवढा कमी करायला सांगा," मागून सासूबाई म्हणाल्या.

तपासनीसांना तेवढं निमित्त पुरलं. ते दोनदा ड्रायव्हरपाशी जाऊन आले. भाषेची अडचण होती, पण हातवारे सुस्पष्ट होते. वारा काही कमी झाला नाही.

अडीच तासांनी बस एका थांब्यावर उभी राहिली. ड्रायव्हर काहीतरी बोलला. "पंधरा मिनिटं म्हणतोय," मुलीने सांगितलं.

"म्हणजे पंचवीस," असं म्हणून तपासनीस फोन चार्जिंगला तसाच सोडून तक्रार करायला उतरले. तिघी जागेवरच डोळे मिटून पडल्या.

ऑफिसच्या खिडकीतल्या बाईंना मराठी येत नव्हतं, पण त्यांच्या फोनला येत होतं. "आपले दुःख येथे लिहावे," फोन म्हणाला आणि बाईंनी चार पानी फॉर्म पुढे सरकवला. तपासनीस लिहायला बसले. खांब झाला, वारा झाला. मग 'बस वेळेवर सुटत नाही' असं लिहून त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या. दुसरी रेघ पुरी करून मान वर केली, तर समोरून बस चालली होती. घड्याळात बरोबर पंधरा मिनिटं झाली होती.

ते हात हलवत मागे धावले. शेवटच्या सीटवरच्या एका आजोबांनी प्रेमाने हात हलवून त्यांना निरोप दिला.

"आपले वाहन वेळेवर सुटले आहे," परत आल्यावर फोन म्हणाला. "तक्रार मागे घ्यावी काय?"

"मुळीच नाही. उलट आणखी एक फॉर्म द्या."

बाईंनी त्यांना वीस मिनिटांनी आलेल्या दुसऱ्या बसमध्ये बसवून दिलं. वाटभर तपासनीस धुमसत होते. बायको स्टँडवर रडवेली होऊन उभी असणार, मुलीने ड्रायव्हरला धारेवर धरलं असणार. इतक्या लवकर विरघळायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

स्टँडवर मात्र कोणीच नव्हतं. त्यांनी फलाट पाहिले, बाकं पाहिली, पुन्हा फलाट पाहिले. राग कुठल्या कुठे गेला. शेवटी चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला खुणा करून त्यांनी फोन मागितला आणि स्वतःचाच नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर बायकोचा झोपाळू आवाज आला.

"हॅलो?"

"अगं, कुठे आहात तुम्ही?"

"कुठे म्हणजे? बसमध्ये. तुम्ही पुढे ड्रायव्हरशी भांडताय ना अजून?"

"मी स्टँडवर उतरलोय. आपल्याला उतरायचं होतं त्या शहरात."

पलीकडून मुलीचा आवाज आला, "आई, बाहेर नुसती शेतं आहेत. आपलं शहर मागे गेलं वाटतं."

"तिघींपैकी एकीलाही उतरायचं कळलं नाही?" तपासनीस कडाडले.

आता बायकोची झोप पुरती उडाली. "कसं कळणार? दर वेळी अर्धा तास आधीपासून उठा, पिशव्या काढा म्हणून तुम्ही जीव नकोसा करता. आज कोणी उठवलंच नाही. लग्नानंतर पहिल्यांदा प्रवासात इतकी गाढ झोप लागली. आणि तुम्ही खुशाल एकटे उतरून मोकळे. शोभतं का हे?"

"मी उतरलो नाही, मी मागे राहिलो होतो."

"मागे राहिलात, मग आमच्या पुढे कसे पोचलात?"

खिडकीतला माणूस फोनसाठी हात पुढे करून उभा होता. तपासनीसांनी या प्रश्नावर दोन-तीन उत्तरं मनातल्या मनात तपासली. एकही पास होईना.

"चुकलं माझं," ते हळूच म्हणाले.

"थांबा, स्पीकरवर टाकते," बायको म्हणाली. "आईला ऐकू आलं नाही."