तातडीचा धोका आणि गांडुळांवरची सवलत

माणसाचा ठावठिकाणा ही त्याची खाजगी बाब आहे आणि माणूस सापडत नसेल तेव्हा तर ती अधिकच काटेकोरपणे जपली पाहिजे. कुराबी गावचे पोलीस सार्जंट बॅरी ट्रॅन्टर हे व्रत निष्ठेने पाळत. मोबाइल कंपनीकडून कुणाचा ठिकाणा मागायचा, तर धोका गंभीर हवा आणि तातडीचाही, असा नियम होता. (नुसता गंभीर धोका सगळ्यांनाच असतो; माणूस मर्त्य आहे.)

दुपारी नरेल हॉस्किंग ठाण्यात आली. तिचे वडील क्लॅरी सकाळी चारचाकी मोटरसायकलवरून कुंपण बघायला गेले होते, ते जेवायला परतले नव्हते. हृदयाच्या गोळ्या टेबलावरच होत्या. मेंढ्यांचं रान एवढं अफाट, की पायी शोधायचं तर आठवडा जाईल. तिने वडिलांचा संदेश दाखवला: ‘जरा अडकलोय. मजेत आहे. घाई नको.’

सार्जंटनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाई फार सौजन्याने बोलल्या.

“ते स्वतःच घाई नको म्हणतायत. मग तातडी कशी धरायची?”

“बॅरी, तू बाबांना ओळखतोस ना?” नरेल म्हणाली. “साप चावला तेव्हा ‘जरा खाज येतेय’ म्हणाले होते. मजेत म्हणजे हाडबीड मोडलंय. बरे असते तर कुरकुरले असते.”

तिचं खरं होतं. सार्जंटांच्या अंदाजाने त्या मुलखातले नव्वद टक्के पुरुष मरणाच्या दारातही ‘तसं ठीक आहे’ म्हणतात. (उरलेले दहा टक्के बाहेरून येऊन स्थायिक झालेले.) पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. फोनवर आवाज पोचत नव्हता, म्हणून त्यांनी क्लॅरींना लिहून विचारलं, ‘कुठे आहात? धोका तातडीचा आहे का?’

उत्तर आलं: ‘गाडीखाली. सावली आहे. आधी बाकीच्यांचं बघा.’ त्यानंतर काहीच आलं नाही. सार्जंटनी पुन्हा कंपनी गाठली.

“गाडीखाली कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“सकाळपासून असावेत.”

“म्हणजे परिस्थिती स्थिर आहे. आणि सावली आहे हे बरंच झालं.”

मग गावकरी पायीच निघायला जमले, ते ट्रिशच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानासमोर. ट्रिशने चौकशी केली.

“क्लॅरी होय? ते टाकीमागच्या नाल्यात आहेत. सकाळपासून एका जागी दिसले, म्हटलं मासे लागत असतील. गळाच्या गांडुळांवरची सवलत पाठवत बसलेय त्यांना.”

“तुला कसं कळलं?”

“दुकानाच्या ॲपवर दिसतात ना. फुकट टोपीसाठी ‘मान्य आहे’ दाबलं होतं त्यांनी.”

क्लॅरी नाल्यातच सापडले, पाय मोडलेले, ओठ निळे. “उगाच धावपळ तुमची,” ते पुटपुटले. नरेल त्यांचा हात धरून ढसाढसा रडली. हेलिकॉप्टर वेळेत आलं, म्हणून वाचले. सार्जंटनी वर कळवलं, की पोलिसांकडून नागरिकाच्या खाजगीपणाला कुठेही धक्का लागलेला नाही.

वाचकहो, तुम्हीही निश्चिंत असा. तुम्ही आत्ता कुठे आहात हे तुमच्या फोनमधल्या टॉर्चला ठाऊक आहे, पिझ्झावाल्याला ठाऊक आहे. पोलिसांना नाही. आणि घरच्यांना तुम्ही ‘पोचतोच आहे’ म्हणून सांगितलेलं आहे.