झनकलाल वकिलांचा पहिला चहा

झनकलाल वकिलांकडे येणाऱ्या नव्या पक्षकाराला पहिला चहा मिळतो तो मिठाचा. साखरेचा कण नाही, वर दीड चमचा मीठ. कोर्टाच्या फाटकासमोरच्या टपरीवाल्याला हे इतकं पाठ झालं आहे की वकिलांनी बोट वर करून "एक नवा" म्हटलं की तो साखरेच्या डब्याला हातच लावत नाही. पक्षकार बिचारा दरेकशाहून नाहीतर सौंदडहून सकाळच्या गाडीनं आलेला, काखेत कागदांची पिशवी, छातीत धडधड. पहिल्या घोटाला त्याचे डोळे बारीक होतात आणि वकीलसाहेब मोठ्या प्रेमानं विचारतात, "चहा बरा आहे ना जी?"

"हो जी. मस्त आहे." आणि गडी शेवटच्या थेंबापर्यंत पितो.

"मंग तुमची केस आज होत नाही. मंगळवारी या."

हे सगळं मी पंचवीसेक वर्षं पार्टिशनच्या अलीकडून ऐकतो आहे. मीही वकीलच. आम्ही दोघांनी एकाच वर्षी सनद घेतली, म्हणून मी त्याला अरे-तुरे करतो. एका खोलीचे दोन भाग करून, मध्ये एक पत्रा उभा करून आम्ही गोंदियाच्या कोर्टाशेजारी दुकान मांडलं. पत्रा इतका पातळ आहे की त्याच्या पक्षकाराला ठसका लागला तरी माझ्या फायली हलतात.

सुरुवातीला मी त्याला वेड्यात काढलं. "अरे, लोक न्याय मागायला येतात आणि तू त्यांना मीठ पाजतो?"

तो म्हणाला, "बापा, जो माणूस वकिलाले चहा खारट आहे म्हणू शकत नाही, तो कोर्टात सायबाले काय म्हणन?"

यात तथ्य होतं, हे मला आवडलं नाही तरी कबूल करावं लागेल. आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. तलाठी विचारो, मास्तर विचारो, मोटारीतून उतरलेला कुणीही विचारो, उत्तर एकच, "हो जी." गावात या शब्दानं कुणाचं बिघडत नाही. कोर्टात मात्र तो टाइप होतो, आणि एकदा टाइप झाला की ब्रह्मदेवाच्या बापालाही पुसता येत नाही.

मिठाच्या परीक्षेत पास झालेल्यांसाठी पुढची परीक्षा असे. कामठ्याच्या गणपतला तो महिनाभर "बाबूलाल" म्हणून हाक मारत होता. गणपत दर वेळी "जी साहेब" म्हणून उभा राही. चौथ्या भेटीत तो चाचरत म्हणाला, "साहेब, मी बाबूलाल नाही जी." झनकलालनं उठून त्याचे दोन्ही हात धरले. "आता खरा माणूस आला. बस. मले खुश करू नोको, मले खरं सांग." मग गणपतनं खरं सांगितलं. ज्या बांधावरून भांडण होतं तो बांध त्यानंच दोन हात सरकवला होता. झनकलालनं शेजाऱ्याला बोलावलं, दोघांना एका बाकावर बसवलं आणि पंधरा दिवसांत प्रकरण मिटवलं.

"मले खुश करू नोको, मले खरं सांग." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की एकदा घरी बायकोला म्हणालो. त्या संध्याकाळीबद्दल इथे लिहीत नाही.

असला वकील उपाशी मरायला हवा होता. झालं उलटंच. ज्याला तो "तू हारशीन, समझौता कर" म्हणून परत पाठवी, तो पुढच्या महिन्यात आपल्या मेहुण्याला घेऊन येई. पक्षकारांच्या घरची लग्नं, तेरव्या, कुणाची म्हैस व्यायली, कुणाचा जावई रुसला, सगळं त्याला ठाऊक. न्यायाधीश बदलत गेले, पण प्रत्येकाला सहा महिन्यांत कळे की झनकलाल वकील एखादी गोष्ट सांगतो तेव्हा ती तशीच असते. त्याच्या बाजूचं बाकडं भरलेलं असे आणि माझ्या बाजूला लोक येत ते त्याच्याकडची रांग संपेपर्यंत टेकायला. माझी पद्धत सोपी होती. कोर्टानं काहीही विचारलं तरी "खोटं आहे" म्हणायचं. सगळं जग तेच करतं. मी काही जगावेगळा नव्हतो.

आणि मग फुलवंता आली.

दरेकशाची, तिशीतली, बापानं वकिलाचं नाव सांगून पाठवलेली. गोंदियाजवळच्या एका राइस मिलमध्ये कोंडा झाडायची. मिलमधल्या बंद मोटरीची तांब्याची वायर चोरीला गेली. सेठनं सगळ्या मजुरांसमोर तिला विचारलं, "तूने ही ली ना?" ती म्हणाली, "हो जी." वायर कुठेच सापडली नाही, तिला नेताना कुणी पाहिलं नाही. पण सेठ, मॅनेजर आणि दोन हमाल यांनी तिची कबुली ऐकली होती. त्या एका "हो जी"वर तिच्यावर चोरीची केस उभी राहिली होती. दोन लहान मुली घरी, नवरा कामासाठी परमुलखात. शिक्षा झाली तर पोरींना कोण पाहणार, हा एकच प्रश्न ती सारखी विचारी.

झनकलालनं तिला मिठाचा चहा दिला. तिनं प्यायला, मस्त आहे म्हणाली. दुसऱ्या वेळीही प्यायला. तिसऱ्या वेळी तर दुसरा कप घेता का म्हणून विचारल्यावर "हो जी" म्हणाली. मंगळवारी या म्हणून तिला परत पाठवायला तो विसरला आणि वकालतनाम्यावर तिचा अंगठा घेऊन मोकळा झाला. त्याला स्वतःचा नियम मोडताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

साक्षी झाल्या. मॅनेजरला त्यानं उलटतपासणीत एवढंच विचारलं, "ही बाई तुमाले कधी नाही म्हणली का?" मॅनेजर आठवत राहिला. "नहीं, कभी नहीं बोली." सरकारी वकिलांना यात काही विशेष वाटलं नाही. मलाही नाही.

आता राहिला आरोपीचा जबाब. यात न्यायाधीश स्वतः आरोपीला एकेक प्रश्न विचारतात, वकिलाला मध्ये बोलता येत नाही. न्यायाधीश बाई नव्या होत्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या, बोलणं तोडून. आदल्या दिवशी झनकलाल फुलवंताला घेऊन पत्र्याच्या या बाजूला आला. "चाल गा, तू साहेब हो."

मी खुर्चीत ताठ बसलो. "बाई, तुम्ही वायर चोरली का?"

"नाही जी."

आवाज चढवला. "नीट सांगा. चोरली ना?"

"हो जी. तुमी म्हणता त."

दहादा केलं, दहादा तेच. हळू विचारलं की नाही, मोठ्यानं विचारलं की हो. दहाव्या वेळी ती रडायला लागली आणि मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. मी झनकलालला बाजूला घेतलं. "तिला फक्त 'खोटं आहे' शिकव. प्रत्येक प्रश्नाला. कबुलीसुद्धा दिली नाही म्हणू दे."

"कबुली त देल्ली होती ना तिनं. खोटं कायले बोलन?"

"कबुली मान्य केली तर बाई आत जाईल. पोरी उघड्यावर पडतील. तुझ्या तत्त्वापायी."

तो म्हणाला, "मले माहीत आहे, गा." आणि फुलवंताकडे जाऊन फक्त एवढंच बोलला, "जे झालं ते सांगजो. काऊन झालं तेही सांगजो. दुसरं काही नोको."

दुसऱ्या दिवशी आवारातल्या निंबाखाली एक म्हातारा बसला होता. डोक्याला गमछा, हातात काठी. फुलवंताचा बाप, सुकलूबाबा. त्याला पाहताच झनकलाल फाटकातून मागे फिरला आणि कँटीनच्या मागून, चिखलातून, कोर्टात शिरला. कलेक्टरला तोंडावर बोलणारा हा माणूस एका म्हाताऱ्याला चुकवत होता. विचारलं तर माझ्यावरच खेकसला.

फुलवंता पिंजऱ्यात उभी राहिली. पहिले दोन-तीन प्रश्न बरे गेले. मग न्यायाधीश बाईंनी विचारलं, "साक्षीदार सांगतात की तुम्ही सगळ्यांसमोर चोरी कबूल केली. यावर काय म्हणायचं आहे?"

मी मागच्या बाकावरून ओठ हलवत होतो, खोटं आहे, खोटं आहे. तिनं झनकलालकडे पाहिलं. तो कागदात मान घालून बसला होता, पण त्याचा गुडघा टेबलाखाली थडथड उडत होता.

"हो जी," ती म्हणाली. "म्हणली होती मी."

सरकारी वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. काम झालं होतं. वरचा पंखा खडखडत होता म्हणून बाईंनी आवाज चढवला, "म्हणजे वायर तुम्हीच नेली?"

चढलेल्या आवाजाला ती काय उत्तर देते, हे मी दहादा ऐकलं होतं. तिनं पिंजऱ्याची दांडी घट्ट धरली.

"नाही जी."

"मग हो का म्हणालात?"

"सेठ उभे होते जी, मी खाली बसून कोंडा भरून राहिली होती. सेठ म्हणले, तूने ली ना. सेठले नाही कसं म्हणाव? सेठ म्हणले असते का हे मिल तूच बांधली, त मी हो म्हणली असती."

मागे कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मॅनेजरच्या साक्षीचं पान उलटून काढलं, वाचलं, आणि टायपिस्टला म्हणाल्या, "त्या जसं बोलल्या तसंच घ्या. एक शब्द बदलू नका."

निकाल तीन आठवड्यांनी होता. त्या दिवशी पुकारा व्हायला उशीर झाला. व्हरांड्याच्या टोकाला आम्ही दोघंच उभे होतो, आणि झनकलाल स्वतःहून बोलायला लागला.

सनद घेऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. सुकलूबाबा त्याचा पक्षकार. दुसऱ्याच्या बैलबंडीत जंगलातून चोरलेली सागाची लाकडं सापडली आणि शेजारून चालणारा सुकलू धरला गेला. तारखेच्या दुपारी झनकलालला भंडाऱ्याला दुसऱ्या कामासाठी गाडी पकडायची होती. सुकलूची बाजू त्यानं नीट ऐकलीसुद्धा नाही. "कबूल म्हणा, दंडावर सुटाल," एवढं सांगितलं. सुकलू म्हणाला, "हो जी." न्यायाधीशांनी विचारलं तेव्हाही तेच म्हणाला. तीन महिन्यांची कैद झाली.

"मी दोनदा दरेकशाले गेलो, गा. माफी मागाले. दोन्ही खेपेले म्हणे, नाही जी, तुमचा काय दोष. चहा पाजला, गाडीपर्यंत पोचवाले आला." झनकलालनं डोळे पुसले नाहीत, पण चष्मा काढला. "त्यानं दोन शिव्या देल्या असत्या त मी घरी जाऊन झोपलो असतो."

पुकारा झाला. फुलवंता निर्दोष सुटली. निकाल ऐकून ती एवढंच म्हणाली, "मंग आता मी घरी जाऊ?" आणि नळावर तोंड धुवायला गेली.

सुकलूबाबा व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. या वेळी झनकलाल चिखलातून गेला नाही. सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, मले खुश करू नोका. खरं सांगा. तवा मी तुमाले बुडवलं ना?"

म्हाताऱ्यानं नळाकडे, पोरीच्या पाठीकडे पाहिलं.

"बुडवलं," तो म्हणाला. "मी आत होतो तवा हिची माय मेली. मातीले जाता आलं नाही मले. हे पोरगी तीन-चार वर्षांची होती, तिनं एकटीनं पाहिलं."

झनकलाल म्हणाला, "मंग पोरीले माह्याकडेच काऊन पाठवलं?"

"तुमी दोनदा घरी आले ना जी," सुकलूबाबा म्हणाला. "बुडवून कोणी परत येते का?"

इतक्या वर्षांत झनकलालला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तो तिथेच, काळ्या कोटासकट, पक्षकारांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभ्या उभ्या रडला. म्हाताऱ्यानं त्याची समजूत घातली नाही. काठी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, आणि जरासा सरकून पायरीवर त्याला जागा करून दिली.