मातुश्रींच्या लहान पडद्यावर विमान उतरले त्याची बखर

श्री. आकाशी गेलेल्यास भुईवर सुखरूप आणणारी जी देवता, तिचे चरणी मस्तक ठेवून मजकूर लिहितो तो ऐसा. शके १९४५, शोभन नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी राज्य सुखी होते, शेजारचे राजे आपापले भांडणात गुंतले होते, आणि आमचे महाराजांस विमानांची भारी हौस. मग हुकूम करून 'गगनवेध' नामे सॉफ्टवेअर करविले, आणि कोणते विमान कोठे आहे ते सदरेवर भिंतीएवढ्या पडद्यावर दिसो लागले. दरबारी मान जैसा, तैसी पडद्यावर जागा. माथ्यावर महाराजांची बिरुदावली, तिजखाली हवामाननवीसांची चौकट, मग उंचीनवीसांची, मग वेगनवीसांची, आणि सर्वांचे पायाशी नकाशा. कारण नकाशेनवीस दरबारात नवे. भिंतीवर हे सर्व शोभले.

महाराजांच्या मातुश्री सगुणाबाईसाहेब सदरेवर येत नसत. त्यांजपाशी लहानसा लॅपटॉप होता, थोरल्या कन्या अंबिकाराजे यांनी शिकते वेळी वापरलेला, झाकणावर मोराचे चित्र डकवलेला. अंबिकाराजे दोन वर्षांमागे आईशी शब्दास शब्द लागून उत्तरेकडे निघोन गेल्या, त्या आईस फोनही करीत ना. आता त्यांणी कळविले की पंचमीस दुपारचे विमानाने येते. कळविले तेही भावास. मग मातुश्रींनी लॅपटॉपावर गगनवेध उघडला, तो पडदा बिरुदावली आणि चौकटी यांणीच भरून गेला, नकाशाची वरली पट्टी तेवढी दिसे, आणि आमचे राज्य दक्षिणेस, म्हणजे काठाचे खाली. उत्तरेहून निघालेले विमान येई येई आणि काठावरून नाहीसे होई. तेव्हा पडद्यांची मांडणी करणारे पडदेनवीस गिरमाजीपंत यांस बोलावून मातुश्री बोलिल्या, "पंत, सगळी विमानं माझ्या टेबलाखाली जातात. अंबू उतरताना मला दिसली पाहिजे. मागं दोनदा येते म्हणाली आणि आली नाही." हे ऐकोन हवामाननवीस, जे सोबत आले होते, वाकून टेबलाखाली पाहते जाहले. हे लिहिणाराने डोळ्यांनी पाहिले आहे.

मग गिरमाजीपंतांनी अवघे बारीक केले, तो मातुश्री म्हणाल्या, "ह्यात विमान चाललं काय आणि मुंगी चालली काय." मग मोठा लॅपटॉप आणवू म्हणाले, तो मातुश्रींनी मोरावर हात ठेवला आणि मान हलविली. मग पंत नवीसांकडे गेले, की आपली चौकट थोडी आवरावी, तो नवीस म्हणाले, "चौकट आवरली तर घराण्याचा मान आवरला." ऐसे करिता चतुर्थी उजाडली आणि पंतांचे तोंडचे पाणी पळाले.

त्या दिवशी सर्व नवीस वाड्यात जेवावयास होते. ओसरी लहान, मंडळी फार. पंत ताटावर बसून राहिले, घास घेईनात. मातुश्रींनी कारण पुसले, त्यांणी सांगितले, आणि मातुश्री हसून बोलिल्या, "अहो, जागा कमी म्हणून आपण ताटं बारीक करतो का? पंगती करतो. एक उठली की दुसरी बसते. दुसऱ्या पंगतीला लाडू काय लहान मिळतो?" पंत भरल्या ताटावरून उठले. मग ज्याचे त्याचे निराळे पान केले, आणि ज्याचे नावावर टिचकी मारावी त्याची पंगत पडद्यावर बसावी ऐसी योजना जाहली. मान कोणाचा उणा होईना, सबब नवीस राजी जाहले. मग तंटा पडला की पहिली पंगत कोणाची? मातुश्री म्हणाल्या, "जो लांबून येतोय त्याची." सबब नकाशा पहिला.

राहिली बिरुदावली. तीस हात कोण लावील? पंतांनी भीत भीत महाराजांस विनंती केली. महाराज बोलिले, "काढा हो. ताई मला बाळू म्हणते. तिच्या विमानापुढं मी कुठं बिरुदं मिरवू?"

पंचमीस दुपारी मातुश्री लॅपटॉपापुढे बसल्या आणि मागे नवीस उभे राहिले. लहान पडदाभर नकाशा. ठिपका उत्तरेहून निघाला, डोंगर ओलांडिले, आणि जेथे नित्य काठ येई तेथे पोहोचला, तेव्हा मातुश्रींनी टेबल घट्ट धरिले. ठिपका खाली आला, आणखी खाली आला, आपले गावावर येऊन थांबला, आणि पडद्याचे तळाशी अक्षरे उमटली: उतरले. मातुश्रींनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पाट मांडा."

सांजेस अंबिकाराजे आल्या. मायलेकी पाटावर बसल्या. मग अंबिकाराजे यांची दृष्टी मोरावर गेली आणि त्या म्हणाल्या, "आई, हा अजून चालतो?" मातुश्री म्हणाल्या, "चालतो तर. तू आलेलीसुद्धा दिसलीस त्यात."

येणेप्रमाणे लहान पडद्यावर विमान उतरले. हवामाननवीस दुसरे पंगतीस बसतात आणि लाडवाबद्दल त्यांची तक्रार नाही. अंबिकाराजे चार दिवसांकरिता आल्या होत्या, त्या अद्याप येथेच आहेत. आणि मातुश्री गगनवेध उघडीत नाहीत.