बावीस मिनिटांचा आलेख

देविदास सर हिंगोलीच्या कॉलेजात बारा वर्षं 'गुणवत्ता सुधारणा' शिकवत होते. म्हणजे बारा वर्षं एकाच पिवळ्या वहीतून खिळ्यांच्या लांबीचे तेच पंचवीस आकडे वाचून दाखवत होते. खिळा त्यांनी आयुष्यात मोजला नव्हता. पण २००४ साली विद्यापीठाची समिती येणार, अभ्यासक्रम मंजूर होणार आणि विभागप्रमुखाची खुर्ची आपलीच, या विचाराने त्यांना हर्षवायू व्हायचा बाकी होता.

समितीची अट एकच होती: आकडे पोरांनी स्वतः मोजलेले हवेत.

"काही बी मोजा, पण पंचवीस दिवस मोजा!" सरांनी फर्मावलं आणि नेहमीप्रमाणे प्रत्येक जर्नलवर न बघता सही ठोकली.

समितीपुढे पुसेगावकडच्या तांड्यावरच्या मिना राठोडने जर्नलमधला आलेख उलगडला: दिवसाला एक ठिपका, अन् वर-खाली मर्यादेच्या दोन रेघा.

"काय मोजलंस?" अध्यक्षांनी विचारलं.

"अकराच्या तासाला सर किती उशिरा येतात, ते. सरासरी बावीस मिनिटं."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. सही मात्र त्यांचीच होती, ठसठशीत.

"चोवीस ठिपके मर्यादेत. एकच बाहेर. त्या दिवशी काय बिघडलं?" अध्यक्षांनी आलेखावर बोट ठेवलं.

"त्या दिवशी सर वेळेवर आले. वाशिमहून येताना कनेरगाव नाक्यावर भजे खातात न्हाई का, तो धाबा बंद होता."

अध्यक्ष हसले नाहीत. "महिनाभराने नवा आलेख पाठवा. सर वेळेवर दिसले, तर खुर्ची त्यांची."

सर घाम पुसत थेट प्राचार्यांकडे गेले.

"तास अकरा बावीसला ठेवा ना साहेब. मी येतोच तवा. म्हणजे बराबर वेळेवर!"

प्राचार्यांनाही ही सुधारणा पसंत पडली. वेळापत्रक बदललं. काय पण डोकं! स्वतःला बदलण्यापेक्षा घड्याळ वाकवणं केव्हाही सोपं.

दुसऱ्या दिवशी सर नाक्यावर निवांत बसले. आज घाई कसली, चांगली बावीस मिनिटं हातात होती. त्यांनी भज्यांची आणखी एक प्लेट मागवली, वर चहाही. रोजचीच सवय झाली.

महिना संपला त्या दिवशी सर ढेकर देत वर्गात शिरले. मिना शेवटचा ठिपका देत होती.

"काहून गं, आता तर आलो ना वेळेवर?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. अकरा चव्वेचाळीस.

"सरासरी बावीसच हाय, सर. अन् या खेपेला एक बी ठिपका बाहेर न्हाई."