क्रूझवरचा मानपान

"बघा पाव्हणं, जहाज म्हंजे तरंगता राजवाडा! नुसती बेल दाबायची, माणूस हजर!" शिरूर अनंतपाळच्या भुजंगरावांनी मुंबईच्या धक्क्यावर आपल्या नांदेडच्या व्याह्यांना, दयानंदरावांना, छाती ठोकून सांगितलं. गेल्या वर्षी ते याच क्रूझवर जाऊन आले होते.

यंदाचं आमंत्रण मात्र हौसेचं नव्हतं. भुजंगरावांच्या पुतण्याच्या लग्नात दयानंदरावांना फेटा उशिरा बांधला गेला. तेव्हापासून ते रुसलेले, आणि त्यांच्या घरी दिलेली लेक पुनम माहेराला पारखी झालेली! दिवाळीला तिला धाडायचं की नाही, ते या सहलीवर ठरणार होतं.

पण राजवाड्याला वाळवी लागली होती. केबिनचा एसी पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. टॉवेलच्या घड्या घालून राजहंस करणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. आता टॉवेल मागितले तर मिळत, तेही ओले! चहाचं विचारलं तर मॅनेजर म्हणाला, "स्टाफ कमी केलाय, सर. आपापला घ्यायचा."

भुजंगरावांना घाम फुटला. व्याह्यानं उठून स्वतः चहा आणायचा?

"आता वं?" त्यांच्या बायको तारामतीबाई घाबरल्या.

"आता काय? मीच स्टाफ!"

भुजंगराव व्याह्यांच्या दाराशी चहाचा ट्रे ठेवायचे, बेल दाबायचे आणि कोपऱ्याआड पळायचे. टॉवेल त्यांनी हेअर ड्रायरनं वाळवले. राजहंस करायला गेले, त्याचा कोंबडा झाला! जेवणाच्या वेळी ते आत स्वयंपाकघरात घुसून व्याह्यांची भाजी पुन्हा गरम करून घेत.

"पाव्हणे कुठं हायेत?" दयानंदराव टेबलावर विचारत.

"त्यास्नी बोट लागलीय," तारामतीबाई सांगत.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या प्रवाशांनी ओळखलं, की या मजल्यावर काम करणारा एकच माणूस आहे. "ओ काका, उशी!" "काका, गरम पाणी!" नाही म्हणावं तर आरडाओरडा होणार, व्याही बाहेर येणार! भुजंगराव धावत राहिले. शेवटी मॅनेजरनंही त्यांना स्टाफ समजून दरडावलं, "वरच्या मजल्यावर कोण जाणार? आणि टाय कुठाय तुझा?"

परतल्यावर धक्क्यावर दयानंदराव खूश होते. "बोट एक नंबर! बेल वाजली की दारात चहा! अन् तो टॉवेलचा कोंबडा! वा!"

भुजंगरावांनी संधी साधली. "मग पाव्हणं, दिवाळीला पुनमला..."

"न्हाई!" दयानंदरावांचा चेहरा फिरला. "एकदा तरी ताटाला ताट लावून बसलाव का? बोट लागली असंल, पर दारात येऊन विचारपूस? त्ये बी न्हाई! पुनमला मी दिवाळीला या बोटीवर धाडतो. इथल्या माणसाला मानपान कळतो!"

खरं सांगावं तर तरंगता राजवाडा बुडणार, न सांगावं तर लेक दुरावणार.

तारामतीबाईंनी भुजंगरावांना हळूच कोपरानं ढोसलं. "अवं, त्या मॅनेजरला इचारा की, दिवाळीत तुमची ड्यूटी हाय का!"