रावसाहेबांसाठी तंबाखू

सांगलीच्या गंगाधर वकिलांना भर कोर्टात कधी घाम फुटला नव्हता, तो मेहुण्याच्या एका वाक्यानं फुटला.

"मुलाला चारू पसंत आहे, पत्रिका जुळते आहे," साताऱ्याहून आलेला चिंतामण पाय धुता धुता म्हणाला, "फक्त रावसाहेबांच्या पाइपचं तेवढं बघा."

"पाइपचं काय बघायचं?"

"अहो, लढाईमुळं विलायती तंबाखूचे डबे यायचे बंद झाले. त्यांचा शेवटचा डबा दिवाळीत संपला, तेव्हापासून माणूस नुसता पिसाळलाय. कऱ्हाडला एका घरी मुलगी पसंत होती, जेवण झकास झालं, आणि यजमानांनी पाइपात घालायला विड्या सोडवून तंबाखू दिली. रावसाहेब उठले ते थेट टांग्यात! ज्या घराला तंबाखू कळत नाही त्या घराशी सोयरीक नको, म्हणाले."

रावसाहेब म्हणजे साताऱ्याचे निवृत्त मामलेदार. प्रत्येक मुलखाच्या तंबाखूला त्या मातीचा वास असतो आणि आपण तो डोळे मिटून ओळखतो, असा त्यांचा दावा होता. तो दावा खोडून काढायची छाती त्यांच्या हाताखालच्या कुणालाच कधी झाली नव्हती. येत्या रविवारी ते पत्नीसह जेवायला येऊन शेवटचा शब्द देणार होते.

गंगाधररावांची झोप उडाली. चारूशीलेची आधीची स्थळं अशाच फुटकळ कारणांनी मोडली होती. आणि या मुलाचं नाव निघालं की ती उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासायला जाई, हे बापाच्या नजरेतून सुटलं नव्हतं. स्थळ मोडलं तर पोरीचं कसं होईल, ही एक काळजी. जमलं तर त्या तिखट सासूसासऱ्यांपुढं आपली मवाळ पोर कशी टिकेल, ही दुसरी. दोन्ही काळज्या ते एकाच वेळी करत.

तिसरी काळजी घरातच होती. शरयूबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, घरात तंबाखूला सक्त मनाई केली होती. सख्ख्या भावालासुद्धा विडी ओढायला परसात कुंपणाशी उभं राहावं लागे. त्यामुळं सगळा कारभार वकिलीच्या खोलीत, दार लोटून चालला.

नदीकाठचा आकाराम हा त्यांचा जुना पक्षकार. त्यानं आपल्या रानातली पानं कापडात बांधून आणली आणि सोबत स्वतःची चिलीमही दिली.

"वकीलसायेब, जरा दमानं बरं का. लय जालीम माल हाय. नवख्या मानसाला घेरी येती."

"मला नाही रे ओढायची. पाहुण्यांना हवी आहे."

"मग पावण्यांस्नी आदी बसवा, आन मग द्या," आकाराम म्हणाला.

नुसती पानं देऊन भागणार नव्हतं, मुलूख दिसायला हवा होता. चिंतामणानं डोकं चालवलं. सांगली म्हणजे हळद, सातारा म्हणजे कंदी पेढा, महाबळेश्वर म्हणजे मध. तीन मिश्रणं करायची आणि त्यातलं उत्तम ते द्यायचं. ओढून बघायचं काम अर्थातच त्यानं आपल्याकडं घेतलं.

'सांगली' पेटवली आणि खोलीत पिवळट धूर कोंडला. दोघेही तोंडावर उपरणं धरून खोकू लागले.

"अहो, फोडणी कुणी जाळली?" आतून शरयूबाईंचा आवाज आला.

'सातारा' त्याहून वाईट निघाला. पेढा चिलमीत वितळला, करपला आणि बुडबुडे काढू लागला. दूध उतू गेलं म्हणून शरयूबाई चुलीकडं धावल्या, तिथं दूध शांत बघून दुप्पट संतापल्या. 'महाबळेश्वर'मध्ये मात्र मधाबरोबर लवंग आणि वेलदोडाही घातला होता. चिंतामणानं झुरका घेतला, दोघांनी कान टवकारले. आतून काहीच ओरडा झाला नाही. त्यावरून मिश्रण जमलं असं ठरलं.

शरयूबाईंच्या माहेरच्या पितळी डब्यांची एक जोडी होती. एकात त्यांची मसाल्याची सुपारी असे, दुसरा रिकामाच होता. तो गंगाधररावांनी हळूच उचलला, त्यात 'महाबळेश्वर' भरली आणि कायद्याच्या पुस्तकांमागं दडवला.

रविवारी सकाळपासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. डबा काढायचा, हुंगायचा, ठेवायचा. मध आंबला तर? मुंग्या लागल्या तर? शेवटी उजेडात नीट बघावं म्हणून डबा उपरण्याखाली घेऊन ते माजघराच्या खिडकीशी गेले. तेवढ्यात दारात टांगा वाजला. त्यांनी डबा हाताला लागेल त्या फळीवर ठेवला आणि धावले. त्या फळीवर सुपारीचा डबा आधीच होता. पाहुण्यांना पायावर पाणी देऊन ते परत आले आणि घाईघाईनं एक डबा उचलून बाहेर गेले.

जेवण उत्तम झालं. रावसाहेब सोप्यात लोडाला टेकले आणि त्यांना कंठ फुटला.

"वकीलसाहेब, तंबाखू ही पुरुषानं पाइपात ओढायची चीज आहे. आमच्या आईला मशेरीचा नाद होता. मी घराचा कर्ता झालो त्या दिवशी मशेरीचा कण न् कण हद्दपार केला! बाईच्या तोंडात तंबाखू मी खपवून घेत नाही."

आत माजघरात माईसाहेबांच्या, म्हणजे रावसाहेबांच्या पत्नीच्या, बांगड्या एकदम वाजल्या आणि गप्प झाल्या.

गंगाधररावांनी डबा पुढं केला. रावसाहेबांनी डोळे मिटले, चिमूट घेतली, हुंगली.

"थांबा, नाव सांगू नका. उंचावरचा माल. थंड हवा. महाबळेश्वर!"

स्टेशनवर त्यांना आणायला गेलेल्या चिंतामणानं टांग्यातच हे नाव त्यांच्या कानावर घातलं होतं. तरी तो "कमाल आहे!" असं ओरडला. रावसाहेबांनी मिटल्या डोळ्यांनी पाइप ठासला आणि काडी लावली. पाइप तडतडला. त्यातून एक हिरवा दाणा टुणकन उडाला आणि गंगाधररावांच्या धोतरावर पडला.

ती बडीशेप होती.

रावसाहेब सुपारी ओढत होते. म्हणजे आत माईसाहेबांपुढं... गंगाधररावांच्या तोंडचं पाणी पळालं. ते माजघराच्या दाराशी धावले आणि भान विसरून ओरडले, "शरयू, सुपारी देऊ नको!"

चारूशीलेनं डबा धरला होता आणि माईसाहेबांचा हात त्यात होता. शरयूबाईंचा चेहरा लाजेनं काळवंडला.

"का हो वकीलसाहेब?" माईसाहेबांनी भुवई चढवली. "चिमूटभर सुपारी विहिणीला द्यायला जड झाली?"

"तसं नव्हे. म्हणजे... ती तुम्हाला मानवायची नाही."

"मला काय मानवतं ते मला कळतं," असं म्हणून त्यांनी ठसक्यात भलीमोठी चिमूट तोंडात टाकली.

गंगाधररावांनी चौकट धरली. आकारामाची घेरी त्यांच्या डोळ्यांपुढं फिरू लागली. आता विहीण कोसळणार, रावसाहेब टांग्यात बसणार, आणि पोर जन्मभर भांडी घासणार! त्यांनी चिंतामणाला पाणी आणायची खूण केली. माईसाहेबांचे डोळे विस्फारले, मग हळूहळू मिटले.

"कुठली म्हणायची ही सुपारी?" अखेर त्यांनी विचारलं. आवाज एकाएकी मऊ झाला होता.

"महा... महाबळेश्वरची."

"वा." त्यांनी आणखी एक चिमूट घेतली. "मुलगी गुणाची आहे हो. आम्हाला पसंत आहे."

बाहेर रावसाहेब धुराच्या ढगात बसून तेच सांगत होते. निघताना त्यांनी तो डबा मागून घेतला आणि दर महिन्याला असाच पाठवायचं वचनही घेतलं. माईसाहेबांनी दुसरा डबा शरयूबाईंना न विचारताच पदराखाली घातला.

टांगा वळल्यावर गंगाधररावांनी बायकोला आणि मुलीला सगळं कबूल केलं. शरयूबाई कपाळाला हात लावून खाली बसल्या. चारूशीला मात्र हसत होती.

"मला तेव्हाच कळलं, नाना. माईसाहेबांनी ती चावलीच नाही. खालच्या ओठात सारली, आपली भांडीवाली रंगूबाई मशेरी सारते ना, अगदी तश्शी. त्यांना पहिल्याच चिमटीला ओळख पटली."

"अगं पण पुढं काय? माईसाहेबांचं रावसाहेबांना कळलं तर? यांचं त्यांना कळलं तर? डबे कधी उलटे पडले तर?"

"उलटे कसे पडतील? मीच भरणार ना!" ती म्हणाली. "सुपारीची कृती आईकडून घेते, आणि ती दुसरी तुमच्याकडून."

लग्न वैशाखात झालं. पाठवणीच्या वेळी शरयूबाई रडल्या, चिंतामणही रडला. गंगाधररावांनाही हुंदका आवरेना. मवाळ पोर, तिखट घर! मग त्यांनी टांग्यात पाहिलं. चारूशीला सासूसासऱ्यांसमोर खाली मान घालून बसली होती. तिच्या मांडीवर दोन नवेकोरे पितळी डबे होते, आणि रावसाहेब व माईसाहेब दोघेही तिच्याकडं मोठ्या आशेनं, जवळजवळ अजिजीनं बघत होते.

गंगाधररावांचा हुंदका तिथंच थांबला. पोरीची काळजी मिटली होती. टांगा कोपऱ्यावर वळेपर्यंत ते बघत राहिले, आणि त्यांना रावसाहेबांची काळजी वाटू लागली.