दुर्वाला विचारलंत काय?

भिकू मिस्त्री सरपंचांच्या खोलीत न विचारता शिरतो, देवळाच्या बैठकीत न विचारता बोलतो आणि माझ्या घरी येऊन न विचारता माझाच चहा पितो. पण शेजारच्या दहा वर्षांच्या दुर्वाला भेटायचं असलं, की आधी तिच्या डाव्या पावलाला आपला तळहात लावून खाली बसतो आणि तिची परवानगी मिळेपर्यंत बोटभर पुढे सरकत नाही. कधी कधी परवानगी मिळत नाही. मग हा सत्तरीचा माणूस निमूट उठून घरी जातो. सगळ्या देवबाग गावात त्याला गप्प करू शकणारी ती एकटीच.

दुर्वाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. हातांच्या मुठी जन्मापासून आवळलेल्या, पाठ धरत नाही, अधूनमधून फिट येते. बाप मच्छीमारी बोटीवर खलाशी. आई वैशाली दुपारपर्यंत एका होमस्टेच्या स्वयंपाकघरात असते, तेवढा वेळ आजी बघते. मिस्त्री नात्याने त्यांचा कोणी नाही. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या विहिरीवरचा पंप बघायला गेला होता.

वैशाली तेव्हा दुर्वाला पेज भरवत होती. मिस्त्रीची नजर गेली ती पोरीच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर. चमचा गालाला लागला की थोड्या वेळाने अंगठा ताणला जाई. पोट भरत आलं तसा तोच अंगठा आत वळायला लागला.

"झटके येतत तेका, काका," वैशाली म्हणाली.

"झटको चमच्याची वाट बघणा नाय," मिस्त्री म्हणाला.

पंप राहिला बाजूला. आठ दिवस तो रोज जाऊन त्या पावलाला तळवा लावून बसला. नवव्या दिवशी माझ्याकडे येऊन जाहीर केलं, "मास्तर, इंजिनाक हात लावलंय की माका कळता खंयचो सिलिंडर चुकता. हयसर काय चुकणा नाय. ता चेडू बोलता. आमकाच आयकूक येणा नाय."

ताणलेला अंगठा म्हणजे होय, वळलेला म्हणजे नको. पण विचारल्यावर उत्तर यायला मिनिट लागतं, कधी दोन. तेवढा वेळ थांबायला लागतं, आणि थांबणं कोणाला जमत नाही. मिस्त्रीने गावाला थांबायला शिकवायचं मनावर घेतलं आणि तेव्हापासून त्याची निम्म्या गावाशी भांडणं आहेत.

पहिला मार मलाच बसला. मी इथल्या प्राथमिक शाळेत शिक्षक. एकदा जाता जाता दुर्वाचा गाल कुरवाळला. ती दचकली, ताठ झाली आणि रडायला लागली. मिस्त्रीने मला दंडाला धरून अंगणात आणलं.

"तू निजलेलो असताना तुझ्या तोंडार कोणी हात फिरवलो तर?"

"अहो, मी प्रेमाने लावला."

"तेका काय म्हायत तुझा प्रेम? तेका काळोखातसून एक हात इलो, इतक्याच कळला. आदी खांद्यार हात ठेय. रव, वायच थांब. मगे तुझी खूण दी."

प्रत्येकाची खूण त्याने दुर्वाला विचारून ठरवली, म्हणजे खूण करायची आणि अंगठ्याची वाट बघायची. वैशालीची खूण कानाची पाळी. माझी उजव्या गुडघ्यावर दोन बोटं. ती मंजूर व्हायला तीन दिवस लागले. तोवर मी शाळेतली इन्स्पेक्शन बरी म्हणत होतो.

होमस्टेला उतरलेल्या एका बाईंनी एकदा अंगणात येऊन दुर्वाला तिच्या चाकांच्या खुर्चीतून उचलून मांडीवर घेतलं, "किती गोड आहे बिचारी," म्हणाल्या आणि मोबाइल वर धरला. मिस्त्री मागून गेला आणि त्यांच्या डोक्यावरचा गॉगल अलगद काढून घेतला. बाई किंचाळल्या.

"घाबरलात?" मिस्त्री म्हणाला. "तुम्हाला तर डोळे आहेत, कान आहेत."

त्याचं शुद्ध मराठी फक्त भांडणासाठी राखून ठेवलेलं असतं. बाई रागावून निघून गेल्या, होमस्टेच्या मालकाने वैशालीला चार शब्द सुनावले, आणि मिस्त्रीने त्या मालकाच्या बोटीचं इंजिन महिनाभर हातात घेतलं नाही.

पण त्याचा खरा संताप मी पाहिला तो तालुक्याच्या शिबिरात. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मुलांची तपासणी होती. वैशालीबरोबर मिस्त्री आणि मी गेलो होतो. टेबलामागच्या तरुण डॉक्टरने न सांगता दुर्वाचं तोंड वळवलं, डोळ्यांत टॉर्च मारला, कानाजवळ टाळी वाजवली आणि कागदावर लिहिलं: 'संवाद शक्य नाही'. सगळं मिळून दोन मिनिटं.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "आपण तिला काही विचारलंत काय?"

"तिला ऐकू येत नाही, आजोबा."

"म्हणून विचारलंच नाही?"

"मागे रांग आहे. बाजूला व्हा."

मिस्त्री बाजूला झाला नाही. दुर्वाच्या खुर्चीच्या चाकाला पाय लावून उभा राहिला. "रांग माझ्या ओळखीची आहे," तो म्हणाला. "ती थांबेल. तुमचा हात द्या."

रांगेतल्या एका आईने मोठ्याने सांगितलं, "थांबतो आम्ही." डॉक्टरने, बहुधा भांडण मिटावं म्हणून, हात दिला. मिस्त्रीने तो दुर्वाच्या पावलाला लावला. वैशालीने पेजेचा चमचा दुर्वाच्या गालाला टेकवला आणि आम्ही सगळे थांबलो. अर्धं मिनिट गेलं. डॉक्टर हात काढायला लागला. मिस्त्रीने वरून दाबून धरला. आणखी बराच वेळ गेला. मग डॉक्टरचा चेहरा बदलला.

"परत विचारा," तो हळू आवाजात म्हणाला. परत विचारलं. परत अंगठा ताणला गेला. पेज भरवून झाल्यावर तो वळलाही.

डॉक्टरने आपली ओळ खोडली. कागदावर चौकोन होते: बोलून, लिहून, हातांच्या खुणांनी. पायाचा चौकोन नव्हता. त्याने समासात लिहिलं, 'डाव्या पायाच्या अंगठ्याने होय-नाही सांगते. वेळ द्यावा.' मिस्त्रीने ते तीनदा वाचून घेतलं.

महिन्याने छापील दाखला आला. त्यावर होतं: 'संवाद शक्य नाही'. समासात लिहिलेलं कॉम्प्युटरमध्ये चढत नाही, असं ऑफिसात सांगितलं. तेव्हापासून दर सोमवारी मिस्त्री एसटीने तालुक्याला जातो. खिडकीतला माणूस "बघू" म्हणतो. मिस्त्री बाकावर बसून राहतो, ऑफिस बंद होईपर्यंत. दाखला अजून तोच आहे.

मग यंदा दिवाळीनंतर मिस्त्रीच्या छातीत दुखायला लागलं. मुंबईच्या मुलाने ऑपरेशन ठरवलं. महिना-दोन महिने तिकडेच राहावं लागणार होतं. मिस्त्री माझ्याकडे आला तो ऑपरेशनबद्दल अवाक्षर न काढता.

"सोमवारी तू जा. आणि रोज चार वाजता दुर्वाकडे जा."

"तिची आई असते की चारला."

"आवस खावचा-पिवचा इचारता. ता गजाल करणा न्हय."

"तुम्ही रोज तिच्याशी काय गप्पा मारता?"

त्याने माझा चहा पुढ्यात ओढून संपवला.

"मी कायव सांगतंय," तो म्हणाला. "आज खंयच्या बोटीर गेल्लंय, काय जेवलंय. तेका काय कळता ता माका म्हायत नाय. पण हात काढूक गेलंय की अंगठो ताणता. अजून सांग म्हणता. बायको गेली माझी, सुलोचना, तेवापासून माका अजून सांग म्हणणारा कोण आसा, मास्तर?"

निघायच्या दिवशी सकाळी दारात जीप उभी राहिली. मिस्त्री दुर्वासमोर जमिनीवर बसला होता. परवानगी मिळाली. मग त्याने तळवा तसाच ठेवून तिला काहीतरी विचारलं. ओठ हलताना दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मुलाने आत येऊन म्हटलं, "बाबा, उशीर होतोय."

"रवांदे तेका," मिस्त्री मान न वळवता म्हणाला. "उत्तर येवचा आसा."

आम्ही थांबलो. त्याचे खांदे सैल पडले, तेव्हा उत्तर आल्याचं कळलं. होय की नको, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. पंच्याने तोंड पुसत जीपमध्ये जाऊन बसला.